जवारी कुठे हरवते? ध्वनिमुद्रणाचा दर्जा आणि घरचे संगीतश्रवण

घरी संगीत ऐकण्यासाठी जी यंत्रसामग्री मांडली जाते, तिची चर्चा बहुधा ॲम्प्लिफायर किती वॅटचा, स्पीकर कोणत्या कंपनीचे, जोडणीची तार किती जाड अशा प्रश्नांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. वास्तविक या साखळीचा पहिला दुवा घरात नसतोच; तो गायकासमोर किंवा वादकासमोर ठेवलेल्या मायक्रोफोनपाशी असतो, आणि त्या क्षणी जे मुद्रित झाले नाही ते पुढे कितीही महागडे उपकरण आणले तरी परत मिळत नाही. ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो आणि स्पीकर विजेच्या लहरींचे हवेतल्या लहरींत रूपांतर करतो. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा भरीव, झणझणता नाद, मुद्रणात उतरलीच नसेल, तर ती निर्माण करण्याची शक्ती यांपैकी एकाकडेही नसते. किंबहुना उपकरण जितके चोख, तितके ते मुद्रणातले दोष स्पष्टपणे ऐकवते, आणि त्यामुळे नवी यंत्रणा घरी आणल्यावर काही आवडत्या ध्वनिमुद्रिका पूर्वीपेक्षा वाईट ऐकू येऊ लागल्या, असा अनुभव अनेक श्रोत्यांना येतो. त्यांचा कान त्यांना फसवत नसतो.

मुद्रणाचा दर्जा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला तंबोऱ्यासारखे दुसरे वाद्य नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो, म्हणजे त्याची वारंवारता १३९ हर्ट्‌झ असते, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्‌झच्या वेगाने कंप पावते. परंतु कोणतीही तार एकाच वेगाने कंप पावत नाही. मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा वेगांची सूक्ष्म कंपनेही तिच्यात चालू असतात, आणि त्यांना उपस्वर म्हणतात. खर्जाच्या तारेचा पाचपट वेगाचा उपस्वर सुमारे ३४६ हर्ट्‌झवर येतो आणि तो स्वर गंधाराचा असतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडता जो गंधार ऐकू येतो आणि ज्याला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात, त्याचे मूळ या उपस्वरात आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर, तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवून जवारी लावली की वरचे उपस्वर आणखी बळकट होतात, दोन-तीन हजार हर्ट्‌झच्याही पलीकडे पसरतात, आणि तार छेडल्यापासून विरेपर्यंत त्यांचे आपापसातले प्रमाण सतत बदलत राहते. तंबोरा ‘बोलतो’ असे ज्याला म्हणतात, ते हे बदलणे होय.

आता हा तंबोरा ध्वनिमुद्रणातून घरी कसा पोहोचतो ते पाहावे. छोट्या स्पीकरमधून ६९ हर्ट्‌झचा खर्ज धडपणे निघत नाही आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तर मुळीच निघत नाही. तरीही श्रोत्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण उपस्वरांची मालिका कानावर पडली की मेंदू त्यांच्या तळाशी असलेला मूळ स्वर आपला आपण जुळवून घेतो. म्हणजे मुद्रणात उपस्वर शाबूत असतील तर साध्या यंत्रावरही तंबोरा तंबोऱ्यासारखा लागतो. आणि मुद्रणातच ते कापले गेले असतील, तर लाखभर रुपयांच्या स्पीकरमधूनही केवळ एक गुणगुण ऐकू येते, जिच्यात षड्ज असतो पण जीव नसतो. घरच्या श्रवणातला मुद्रणाचा वाटा किती मोठा आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून दिसते.

भारतीय संगीताच्या मुद्रणाचा इतिहास हा एका अर्थाने या उपस्वरांच्या हळूहळू होत गेलेल्या प्रवेशाचा इतिहास आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे मुद्रण केले, तेव्हा मुद्रणासाठी विजेचा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन जोरात गायचे, त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरायची, आणि त्या मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जाऊन तिथे त्यांच्या प्रती छापल्या जायच्या. या पद्धतीत ढोबळमानाने अडीचशे ते अडीच हजार हर्ट्‌झ एवढाच पट्टा पकडला जाई, तर निकोप तरुण कान २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू शकतो. साहजिकच त्या काळातल्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ नसतोच, डग्ग्याचा घुमारा हरवलेला असतो, आणि कर्ण्याला भिडेल असा टोकदार आवाज असलेले गायक-गायिका त्यांत सर्वाधिक शोभतात. मृदू आवाजाच्या, कुजबुजीतून रंग भरणाऱ्या कलावंतांवर या यंत्राने अन्याय केला. शिवाय एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत असल्याने तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबावा लागे. ही मर्यादा ध्वनीची नसून काळाची होती, तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तीही मुद्रणाच्या दर्जाचाच भाग ठरते.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते तंत्र भारतात आले. पट्टा पाच-सहा हजार हर्ट्‌झपर्यंत वाढला आणि गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. मिरजेत राहिलेले आणि तंबोरे लावण्याच्या काटेकोरपणासाठी ख्यातनाम असलेले गायक अब्दुल करीमखाँ यांच्या १९३७ मधील निधनापूर्वीच्या काही वर्षांतल्या तबकड्या आज ऐकल्या, तर त्यांचा तो नाजूक, लांबवर टिकणारा, श्रुतीच्या कडेवर तोलून धरलेला स्वर विजेच्या मायक्रोफोनविना असा मुद्रित होणे शक्य नव्हते, हे लगेच जाणवते. त्याच्या मागे तंबोरा आहे, पुसट आहे, पण आहे. याउलट भास्करबुवा बखले यांच्यासारख्या, ज्यांच्या गायनाची थोरवी समकालीनांनी एकमुखाने सांगितली, अशा गायकाचे मुद्रणच आपल्या हाती नाही. तिथे दर्जाचा प्रश्नच उद्भवत नाही, फक्त हळहळ उरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुद्रण तांत्रिकदृष्ट्या कमकुवत असणे आणि त्यातले संगीत उणे असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यातील केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवीतली सुमारे साडेतीन मिनिटांची एक तबकडी १९७७ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली आणि आज ती सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करते आहे. ती जुन्या पद्धतीची, एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली आहे, आणि निवडणाऱ्यांना त्याने काही अडले नाही. जुन्या मुद्रणात जे नाही त्याची जाणीव ठेवून, जे आहे ते नीट ऐकणे, हे रसिकाचे काम आहे. त्याला मदत करणे किंवा त्यात अडथळा आणणे मात्र मुद्रणाची पुढची आवृत्ती काढणाऱ्याच्या हातात असते, आणि नेमक्या याच टप्प्यावर आपल्या संगीताचे सर्वाधिक नुकसान झाले आहे.

जुनी तबकडी नव्या माध्यमावर उतरवताना पहिला प्रश्न वेगाचा असतो. या तबकड्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हटले जाते, परंतु सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग काटेकोर नसे आणि अनेक तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने कोरल्या गेल्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर सारे गाणे सुमारे अर्धा स्वर वर चढते. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गेल्यासारखा वाटतो, त्याच्या आवाजाचा पोत पातळ होतो, ताना खऱ्यापेक्षा जलद भासतात, आणि अशा मुद्रणावरून ‘त्या काळी किती उंच पट्टीत गात’ असे निष्कर्षही काढले जातात. दुसरा प्रश्न सुईचा. जुन्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला दीर्घवादन तबकडीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीवर घासत जाते आणि खरखर अनेक पटींनी वाढते. मग ती खरखर काढण्यासाठी संगणकाची मदत घेतली जाते. तिथेच मोठा घात होतो.

खरखर काढणाऱ्या प्रणालीचे तत्त्व साधे आहे. गाणे सुरू होण्यापूर्वीची दोन सेकंदांची नुसती खरखर तिला नमुना म्हणून द्यायची, आणि त्या नमुन्यासारखे जे जे पुढे सापडेल ते वजा करायला सांगायचे. माफक प्रमाणात हे उपकारक ठरते. परंतु तंबोऱ्याचे वरचे उपस्वर, ‘स’, ‘श’, ‘ह’ यांसारखी वर्णांची फुंकर, तबल्याच्या चाटेवरच्या बोटाचा स्पर्श आणि गायकाने सम गाठण्यापूर्वी घेतलेला श्वास हे सारे त्याच वरच्या पट्ट्यात, खरखरीच्याच शेजारी राहतात. म्हणून वजाबाकी जरा हात सैल सोडून केली की खरखरीबरोबर तेही जातात. उरतो तो गुळगुळीत, पाण्याखालून आल्यासारखा, कडा नसलेला आवाज. तो क्षणभर स्वच्छ वाटतो, विशेषतः दुकानात किंवा मोबाइलवर अर्धा मिनिट ऐकताना. घरी शांतपणे अर्धा तास ऐकला की कान थकतो आणि का थकला ते कळत नाही. मानवी कान खरखरीला फार लवकर सरावतो. दोन-तीन मिनिटांत ती पार्श्वभूमीला जाते आणि गायक पुढे येतो. पण एकदा कापून टाकलेल्या उपस्वराला कान भरून काढू शकत नाही, म्हणून जुन्या मुद्रणाच्या बाबतीत थोडी खरखर राखलेली आवृत्ती ही अति धुतलेल्या आवृत्तीपेक्षा जवळजवळ नेहमीच श्रेष्ठ असते, असे ठामपणे म्हणता येईल.

१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे सलग संगीत मावू लागले. फितीवरच्या मुद्रणाने वरचा पट्टाही मोकळा केला. भारतातील १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या उत्तम दीर्घवादन तबकड्यांत तंबोरा पहिल्यांदाच आपली पूर्ण जागा घेऊन बसलेला आढळतो. त्यानंतर कॅसेटने संगीत घरोघरी नेले, ही तिची फार मोठी कामगिरी; भावगीत, अभंग, नाट्यगीत आणि शास्त्रीय गायन यांचा जो श्रोतृवर्ग महाराष्ट्रात तयार झाला, त्यात तिचा वाटा नाकारता येणार नाही. पण ध्वनीच्या हिशेबात ती पिछेहाटच होती. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते, तर कॅसेटची पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने. चुंबकीय कणांवर लिहायला जागाच इतकी कमी की वरचे स्वर क्षीण होतात आणि फितीचा सूंऽऽ असा आवाज वर येतो. भरीला भर म्हणून चाके झिजलेल्या यंत्रावर वेग हेलकावतो, आणि लांबवलेला षड्ज थरथरू लागतो. अनेकांच्या मनात एखाद्या गायकाच्या आवाजाची जी प्रतिमा ठसली आहे, ती प्रत्यक्षात त्या गायकाची नसून नकलेवरून केलेल्या कॅसेटची आहे, ही गोष्ट मूळ फितीवरून नीट काढलेली आवृत्ती ऐकेपर्यंत लक्षात येत नाही.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीने ध्वनी अंकांत लिहायला सुरुवात केली. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ अंकी द्विमान संख्येत नोंदवायचे, ही तिची रीत. सेकंदाला जितकी मोजमापे घेतली त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे परत उभा करता येतो, असा गणिती सिद्धान्त आहे, म्हणजे सीडीवर २२,००० हर्ट्‌झपर्यंतचा, अर्थात मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचा, पट्टा मावतो. आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल इतके ठेवता येते. शहरातल्या घरात पंखा, रस्ता आणि शेजार यांचा मिळून साधारण ४० डेसिबलचा आवाज सतत असतोच, आणि घरात कोणी ९० डेसिबलपेक्षा मोठ्याने फार वेळ ऐकत नाही. तेव्हा श्रोत्याला प्रत्यक्ष वापरता येणारे अंतर सुमारे ५० डेसिबलचेच असते. याहून अधिक अंकांच्या ‘उच्च विभेदन’ मुद्रणांची आज मोठी जाहिरात होते. मुद्रण करताना २४ अंकी मोजमाप घेणे शहाणपणाचे आहे, कारण त्यामुळे गायकाने अचानक वरचा षड्ज लावला तरी आवाज फाटत नाही. परंतु ऐकताना त्याचा लाभ किती, हा वेगळा प्रश्न आहे. मेयर आणि मोरान या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च विभेदनाचा ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या मापात बसवलेला, असे दोन्ही, कोणता कुठला हे न सांगता, ऐकवले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती तितकीच. याच अभ्यासकांनी नोंदवले की उच्च विभेदनाच्या तबकड्या अनेकदा खरोखरच अधिक चांगल्या लागतात, पण त्याचे कारण त्या अधिक काळजीने मुद्रित आणि संस्कारित केलेल्या असतात हे असावे. अंक वाढल्याने संगीत सुधारत नाही. काळजीने सुधारते.

ही काळजी कशी दिसते याचे एक उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे १९९२ मध्ये घडले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार यांची जुगलबंदी तिथल्या एका प्रार्थनागृहात मुद्रित झाली आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने प्रकाशित होऊन १९९४ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन लावून नंतर त्यांचे मिश्रण करण्याची रूढ पद्धत मुद्रक कविचंद्रन अलेक्झांडर यांनी टाळली, आणि एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या फक्त दोन मायक्रोफोनांवर चारही वादक व त्या दगडी वास्तूचा घुमारा एकत्र टिपला. ही मांडणी ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ च्या सुमारास सुचवली होती. दोन कानांवर येणाऱ्या ध्वनीतल्या फरकावरून माणूस दिशा ओळखतो, आणि दोन स्पीकरमधून तसाच फरक उभा केला की वाद्ये समोर पसरल्यासारखी भासतात. यालाच स्टिरिओ म्हणतात. हे मुद्रण घरी ऐकताना दोन स्पीकर आणि श्रोता समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर असतील असे बसावे: मोहनवीणा, गिटार आणि तबला आपापल्या जागी स्थिर बसलेले ऐकू येतात, आणि त्यांच्या मागची हवाही ऐकू येते. हा आभास स्पीकरने निर्माण केलेला नसतो, स्पीकर तो फक्त बिघडवत नाही.

याच्या उलट, आज पुष्कळशा मुद्रणांत गायक एका दिवशी, तबलजी दुसऱ्या दिवशी आणि व्हायोलिने तिसऱ्या शहरात मुद्रित होतात, प्रत्येकाच्या तोंडाशी मायक्रोफोन असतो, आणि नंतर यंत्राने कृत्रिम घुमारा मिसळला जातो. कुशल हात असेल तर यातूनही सुंदर काम होते, हे मान्य करायला हवे. पण हात कच्चा असेल तर गायक सभागृहात आणि तबला कपाटात असल्यासारखे वाटते, आणि चांगल्या स्पीकरवर ही विसंगती अधिकच उघडी पडते. अंतराचा आभास द्यायला स्टिरिओही आवश्यक नसते, हे १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या लता मंगेशकर यांच्या गाण्याने दाखवून दिले आहे. दुरून जवळ येणाऱ्या आवाजाचा परिणाम साधण्यासाठी त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभे करून, गात गात त्याच्याकडे चालत यायला सांगितले होते. एकच मायक्रोफोन, एकच वाहिनी, आणि तरीही साध्या रेडिओवरसुद्धा ती पावले जवळ येतात.

अलीकडच्या मुद्रणांची सर्वांत मोठी व्याधी मात्र वेगळीच आहे, आणि ती आहे आवाजाच्या पातळीची चढाओढ. दोन गाण्यांपैकी जे किंचित मोठे वाजते ते श्रोत्याला अधिक चांगले वाटते, ही कानाची जुनी खोड आहे. तिचा फायदा घेण्यासाठी १९९० च्या दशकापासून मुद्रणातले हळू भाग उचलून मोठ्या भागांच्या बरोबरीला आणायचे आणि मोठ्या भागांचे शेंडे छाटायचे, ही प्रथा जगभर बोकाळली. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहावर त्याच्या चाहत्यांनीच यावरून जाहीर तक्रार केली, कारण तीच गाणी एका व्हिडिओ खेळात कमी दाबलेल्या रूपात उपलब्ध होती आणि ती उघडपणे अधिक जिवंत लागत होती. रॉक संगीतावर याने जेवढा अन्याय होतो, त्याहून अधिक ख्यालावर होतो. विलंबित आलापीतला पुटपुटल्यासारखा मंद्र निषाद आणि द्रुतातली तारसप्तकाची तान यांच्यातले अंतर हाच ज्या कलेचा प्राण, तिच्यात दोन्ही एकाच उंचीवर आणून ठेवणे म्हणजे चढण काढून टाकून शिखर दाखवण्यासारखे आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा आता प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजून सारी गाणी समान आवाजात वाजवतात, त्यामुळे दाबून मोठे करण्याचा व्यापारी लाभ संपत चालला आहे. पण एकदा छाटलेले शेंडे परत येत नाहीत.

इंटरनेटवरच्या संगीताबाबत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट, म्हणजे द्विमान अंक, लागतात. एमपी३ सारखी रचना एका मोठ्या आवाजाच्या सावलीत झाकला जाणारा लहान आवाज लिहायचाच नाही, या युक्तीने ते १ लाख २८ हजारांवर, म्हणजे अकराव्या हिश्श्यावर आणते. अडीच-तीन लाखांच्या वर ही युक्ती बहुतेक कानांना कळत नाही. त्याखाली मात्र तबल्याच्या चाटेवरच्या तीक्ष्ण आघाताआधी एक अस्पष्ट सावली उमटते आणि आघात बोथट होतो. खरा बिघाड साखळीत होतो: कोणी दीर्घवादन तबकडीची कॅसेट करतो, कॅसेटचे एमपी३ करतो, ते संकेतस्थळावर चढवतो, तिथे ते पुन्हा दाबले जाते, आणि तिथून कोणी उतरवून पुन्हा चढवतो. अशा पाचव्या नकलेवर गायकाची योग्यता ठरवणे न्याय्य नाही.

तेव्हा घरी ऐकणाऱ्याने पैसे कुठे खर्च करावेत? ध्वनिपुनर्निर्मितीचे कॅनेडियन अभ्यासक फ्लॉइड टूल यांनी एक चक्र दाखवून दिले आहे: स्टुडिओतला मुद्रक आपल्या स्पीकरवर ऐकून मुद्रणाचा समतोल ठरवतो, स्पीकर बनवणारा अशाच मुद्रणांवर आपला स्पीकर पारखतो, आणि दोघांनाही समान मापदंड नसल्याने एकाचा दोष दुसऱ्यात मुरतो. म्हणून कुठलाही स्पीकर प्रत्येक मुद्रणाला न्याय देईल ही अपेक्षाच चूक आहे. स्वतःचा रंग न मिसळणारे साधे, प्रामाणिक स्पीकर घ्यावेत, त्यांची आणि स्वतःची जागा नीट ठरवावी, आणि एखादे मुद्रण अति टोकदार असेल तर वरचे स्वर कमी करणारे बटण निःसंकोच फिरवावे. उरलेले पैसे आणि वेळ आवृत्ती निवडण्यात घालवावा. एकाच मुद्रणाच्या दोन आवृत्त्या हाती असतील तर दोहोंचा आवाज काळजीपूर्वक सारखा करून, डोळे मिटून, गायकाकडे नव्हे तर तंबोऱ्याकडे लक्ष देऊन ऐकाव्यात. ज्या आवृत्तीत तंबोरा छेडल्यानंतर बदलत जातो ती घ्यावी, आणि ज्या आवृत्तीत तो नुसता गुणगुणतो ती सोडून द्यावी. प्रकाशकांनीही मुद्रणाचे वर्ष, स्थळ, मुद्रकाचे नाव आणि आवृत्ती कोणत्या मूळ फितीवरून वा तबकडीवरून काढली हे छापायला हवे. पुस्तकावर आवृत्ती आणि मुद्रणालय छापले जाते, मग ध्वनिमुद्रिकेवर का नाही?

महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी घरांच्या माळ्यांवर, गायन समाजांच्या कपाटांत आणि गणेशोत्सव मंडळांच्या पेट्यांत खासगी मैफलींच्या फिती आणि कॅसेटी आजही पडून आहेत, आणि त्यांतल्या काहींचे दुसरे मुद्रण जगात कुठेही नसेल. ओल, उष्णता आणि काळ यांनी त्या दरवर्षी थोड्या थोड्या मरत आहेत, आणि त्या वाजवू शकणारी चालू स्थितीतली यंत्रेही कमी होत आहेत. ज्यांच्याकडे अशा फिती असतील त्यांनी त्या जाणकाराकडून शक्य तितक्या लवकर अंकांत उतरवून घ्याव्यात, सेकंदाला ९६,००० मोजमापे आणि २४ अंक या मापात घ्याव्यात, आणि उतरवणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी: पहिली प्रत जशी आहे तशी, खरखरीसकट, कोणताही संस्कार न करता जपून ठेवायची; स्वच्छ करायची ती दुसरी.